मोडलं, की कुणी मोडलं?

मराठीत प्रत्येक वस्तूचा शेवट वेगळ्या क्रियापदाने होतो. दोरी तुटते, मडकं फुटतं, कापड फाटतं, काच तडकते. काठी मात्र मोडते. लहान मूल 'दोरी फुटली' म्हणालं, तर आपण लगेच सुधारतो. लांब, ताठ वस्तू वाकता वाकता दुभंगली, की ती मोडली. हे वाकणं शब्दाच्या मुळातच आहे. हिंदीत 'मोड़ना' म्हणजे आजही वळवणं, दुमडणं. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी अक्षरं वळवली, मोडली, म्हणून ती मोडी लिपी, अशी त्या नावाची उकल करतात.

काठीवरून हा शब्द निघाला आणि कुठे कुठे गेला! नोट मोडतात, दागिना मोडतात, झोप मोडते, बाजार मोडतो, ताप येण्याआधी अंग मोडून येतं. एखाद्याच्या नावाने बोटं मोडतात. 'तिचं मन मोडवेना' या तीन शब्दांत केवढा जिव्हाळा आहे पाहा.

पण 'मोडणं' आणि 'संपणं' एक नव्हे. बँकेतली ठेव मुदत पुरी झाल्यावर काढली, तर ती मोडली असं कुणी म्हणत नाही. मुदतीआधी काढली, तरच मोडली. डाव संपला म्हणजे हारजीत ठरली. डाव मोडला म्हणजे ती ठरायची राहिली. उपास सोडतात, तेव्हा तो पुरा झालेला असतो. मोडतात, तेव्हा मधेच काहीतरी तोंडात गेलेलं असतं. वेळेआधीचा, अर्धवट शेवट हा या शब्दाचा खरा गाभा, असं मला वाटतं. खोड मोडणं, सवय मोडणं हे तेवढे अपवाद. तिथे मोडलेलं बरंच.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं, फाटणं-फाडणं, सुटणं-सोडणं अशा जोड्या आपल्याकडे आहेत. पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. 'मोडणं' या शब्दाला अशी जोडी नाही. काठी मोडली, आणि त्याने काठी मोडली. क्रियापद तेच, रूपही तेच.

मैत्रीबद्दल बोलताना आपल्याला निवड करावी लागते: तुटली, की तोडली? नियम किंवा दिलेला शब्द स्वतःहून मोडत नाही, तिथे मोडणारा असतोच. काठी आपल्याच भाराने मोडू शकते. या दोहोंच्या मधे लग्न आणि संसार येतात. 'त्यांचं लग्न मोडलं.' या वाक्यात कोण आहे? मुलाकडचे? मुलीकडचे? परिस्थिती? व्याकरण काहीच सांगत नाही. दोन्ही घरं हेच वाक्य वापरतात, आणि दोघांनाही ते खरं वाटतं. कित्येकदा हा मोठा आधार असतो; माणसाला दोष न देता दुःख सांगता येतं. पण जिथे एकाने हिशेबाने, हुंड्यासाठी अडून लग्न मोडलेलं असतं, तिथेही आपण 'मोडलं' एवढंच म्हणून थांबतो. तिथे 'कुणी?' हे विचारायलाच हवं, आणि उत्तर 'ने' लावून, नाव घेऊन द्यायला हवं.