तुटलेलं काय येतं ते बघा

(अमळनेर तालुक्यातल्या बचत गटांच्या बायकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पुढे या, पुढे बसा. मला काही वस्तू तुमच्या हातात द्यायच्या आहेत, मागे बसलात तर त्या दिसायच्या नाहीत.

मला विषय दिलाय हाताने बनवलेले दागिने आणि बाजाराचा अभ्यास. बाजाराचा अभ्यास म्हटलं की आपल्याला वाटतं, वही घ्यायची, घरोघरी जायचं आणि विचारायचं, 'ताई, तुम्हाला कसले दागिने आवडतात?' मीही तसंच केलं होतं. पहिल्या वर्षी मातीचे, म्हणजे टेराकोटाचे सेट बनवले. गल्लीत दाखवले, नात्यात दाखवले, स्टेटसला टाकले. जी ती म्हणे, 'भारी शे व माय!' त्या भरवशावर दिवाळीच्या प्रदर्शनासाठी ४० सेट केले. तीन दिवसांत ६ गेले. उरलेले ३४ घेऊन घरी आले आणि महिनाभर मातीला हात लावावासा वाटला नाही.

त्या बायका खोटं बोलल्या नव्हत्या. वस्तू त्यांना आवडलीच होती. पण आवडणं वेगळं आणि पदराची गाठ सोडणं वेगळं. ज्या सहा जणींनी सेट घेतले त्यांच्याकडे मी नंतर गेले. चौघींनी तो एकदाच घातला होता. एक म्हणाली, 'कान दुखस.' दुसरीचं बाळ कडेवर, ते कानातलं ओढतं, फुटायची धास्ती. तिसरीने काठपदराची साडी काढून दाखवली आणि म्हणाली, हिच्यावर हा मातकट रंग उठत नाही. ही एवढी माहिती मला ४० सेट करायच्या आधी फुकट मिळाली असती. मी विचारलं होतं 'कसं दिसतं'. 'कधी घालशील, कशावर घालशील, किती वेळ घालशील' हे विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कौतुक वहीत लिहीत नाही, इसार लिहिते. नवा नमुना केला की एकच नग करते, दाखवते आणि सांगते, हवा असेल तर ५० रुपये इसार द्या, आठ दिवसांत करून देते. 'छान आहे, नंतर बघू' म्हणणाऱ्या दहा जणींपेक्षा ५० रुपये काढून देणारी एक बाई मला जास्त शिकवून जाते. चार इसार आले तर पुढचा माल आणायचा. एकही आला नाही तर तो नग मुलीच्या डब्यात जातो, नुकसान एका नगाचं.

पण मला सगळ्यात जास्त कळलं ते दुसऱ्या ठिकाणी, आठवडे बाजारात. आमच्याकडे बांगड्यावालीच्या शेजारी मी एक टेबल लावलं. विकायला काही ठेवलं नाही. पुठ्ठ्यावर लिहिलं, 'तुटलेली पोत ओवून मिळेल, कानातल्याची तार बसवून मिळेल.' १० रुपये, २० रुपये, काम असेल तसं. पक्कड, कात्री, सुई, दोरा, कड्यांची डबी, एवढाच संसार.

पहिल्याच बाजारी एक बाई आली. पदराच्या टोकाची गाठ तिने दातांनी सोडली. आत गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात काळे मणी आणि दोन वाट्या. कापूस वेचताना पोत बोंडात अडकली, ओढली गेली आणि मणी सरीत सांडले. जेवढे सापडले तेवढे तिने वेचून आणले होते. उघड्या गळ्याने घरी जायचं नाही म्हणून ती माझ्यासमोरच बसून राहिली. ओवता ओवता मी दोऱ्याचं टोक भिंगातून पाहिलं. दोरा अडकल्यामुळे तुटला हे खरं, पण तो आधीच झिजलेला होता आणि झिजला होता वाटीच्या भोकापाशी. पत्र्याची कड धारदार होती. बाई वाकली की पोत हलते आणि ती कड रोज थोडाथोडा दोरा कापते. पुढच्या चार बाजारांत ज्या पोती आल्या त्यातल्या बहुतेक त्याच जागी तुटलेल्या. काही मानेमागे, घामाने कुजलेल्या.

आता सांगा, हे मला कुठल्या फॉर्मने कळलं असतं? 'पोत घेताना काय बघता?' असं विचारलं असतं तर डिझाईन सांगितलं असतं. वाटीच्या भोकाला धार आहे हे कुणी सांगितलं नसतं, कारण बायकांना वाटतं पोत तुटायचीच, तो पोतीचा धर्मच आहे.

त्यावरून मी ही पोत केली. हातात घ्या, पुढे द्या. एक, वाटीचं भोक आतून कानस मारून गुळगुळीत केलंय. दोन, दोऱ्याऐवजी नायलॉनचं आवरण असलेली बारीक पोलादी तार आहे, ती घामाने कुजत नाही. तीन, लांबी कमी ठेवलीय, गळ्याशी बसेल अशी, म्हणजे वाकल्यावर लोंबत नाही आणि बोंडात गुंतत नाही. तिला मी 'वेचणीची पोत' म्हणते. दिसायला ती सगळ्यात साधी आहे. प्रदर्शनात ठेवली तर तिच्याकडे कुणी बघणार नाही. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त तीच खपते आणि ज्या बाईने नेली तिची जाऊ पुढच्या बाजारी येते.

कधी खपते तेही ऐका. दसऱ्यापासून पुढे कापसाची वेचणी चालू असते. वेचणीची मजुरी किलोवर आणि ती बऱ्याच घरांत बाईच्या स्वतःच्या हातात पडते. त्या दिवसांत बाजाराला आलेली बाई स्वतःसाठी काहीतरी घेते. तेच टेबल जूनमध्ये लावून बघा, पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. माल तोच, बाई तीच, पण खिसा रिकामा. म्हणून आपल्या गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कुणाच्या हातात येतो, हे आधी लिहून काढा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातला हिशोब वेगळा निघेल, साक्री-नवापूरकडचा वेगळा.

दुरुस्तीत दुसरं काय यायचं? कानातल्याच्या तारा. आणि तारेसोबत तक्रार, 'घातलं का कान पिकस.' ज्या बाईचा कान पिकतो ती म्हणते, मला खोटं सोसत नाही. सोन्याशिवाय काही सोसत नाही. बऱ्याचदा त्यामागे निकेल असतं. स्वस्त दागिन्याच्या मुलाम्यात आणि तारेत निकेल असतं, घाम लागला की ते सुटतं आणि काहींच्या कातडीला खाज, पाणी, पुरळ येतं. एकदा हा त्रास सुरू झाला की सहसा जन्मभर राहतो. युरोपातल्या देशांनी १९९४ मध्ये यावर नियम केला, कातडीला लागणाऱ्या वस्तूतून निकेल किती सुटावं याला मर्यादा घातली. आपण काय करायचं? कानात जाणारी तार तेवढी चांगली घ्यायची. सर्जिकल स्टीलची तार मिळते. त्यातही निकेल असतं, पण ते धातूत घट्ट धरून राहतं, फार कमी सुटतं. ज्यांना तेही चालत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियम. तपासायचं असेल तर डायमिथाइलग्लायॉक्साइम नावाच्या रसायनाची बाटली मिळते, कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन धातूवर घासायचा, गुलाबी रंग आला तर निकेल सुटतंय. माझ्या पेटीत ती बाटली असते. मी गिऱ्हाइकासमोर घासून दाखवते. खालचा झुमका रेशमी दोऱ्याचा असो नाहीतर कापडाचा, बाई विकत घेते ती तार. जोडामागे चार-सहा रुपये जास्त जातात आणि 'मला सोसत नाही' म्हणून वर्षानुवर्षं कानात काडी घालून बसलेली बाई तुमची होते.

ही बाई इथे पुष्कळ आहे, कारण जळगाव आपली सुवर्णनगरी. आपल्याकडच्या बायकांना सोन्याची पारख आईच्या घरून मिळते. दागिना घेतला की आधी तळहातावर हलकेच उडवून वजन पाहतात. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला. लग्नात पूर्वी जिथे दोन सोन्याचे दागिने निघायचे तिथे एक निघतो आणि बाकीचा साज खोट्यात करावा लागतो. हे बोलायला वाईट वाटतं, पण बाजार तिकडे सरकलाय. अशा वेळी मोह होतो, 'एक ग्रॅम सोनं' अशी चिठ्ठी लावून मुलामा विकायचा. कृपा करून करू नका. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे आणि तो मोबाइलवर तपासता येतो. बायकांना हे ठाऊक झालंय. तुमच्या कार्डावर सरळ लिहा, पितळ, वर मुलामा, पाणी लावू नका. खरं लिहिलेलं कार्ड जळगावच्या गिऱ्हाइकाला पटतं.

हो, विचारा ताई. प्रश्न असा आहे की बाजारात झुमका ५० रुपयाला मिळतो, आपण हाताने करून काय भावात विकायचा?

समजा साहित्य ४० रुपये. पाऊण तास लागला. तासाला ६० रुपये धरा, म्हणजे ४५. डबी आणि कार्ड १०, तूटफूट ५. झाले १००, आणि अजून तुमचा नफा नाही. राजकोट-मालाडकडून येणाऱ्या मालाशी तुम्ही ५० रुपयांत भांडूच शकत नाही. भांडायला जाल तर स्वतःची मजुरी फुकट घालाल, आणि आपल्या बायका तेच करतात. घरीच बसून केलं, त्याचे काय पैसे लावायचे, असं म्हणतात. लावायचे! शेतात गेला असतात तर रोज मिळाला असता.

म्हणून यंत्राला जमत नाही ते करा. माझ्याकडचं एक सांगते. मी ब्लाऊज शिवणाऱ्या तीन जणींशी बोलून ठेवलंय. लग्नाचा ब्लाऊज टाकायला आलेली बाई तिथेच उभी राहून मॅचिंगची चिंता करत असते. ब्लाऊजपीसमधून काठाची चिंधी उरते, पूर्वी ती फेकली जायची. आता शिवणारी विचारते, 'याच काठाचं कानातलं करून देऊ का?' इसार तिथेच घेतला जातो. ब्लाऊजसोबत जोड तयार. भाव १५० ते १८०, त्यात शिवणारीचे ३०. पाच-पाच गावच्या बाजारात शोधूनही त्या काठाचं कानातलं मिळणार नाही. त्यामुळे घासाघीस फार होत नाही.

वजनाचं मात्र सांभाळा. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. माझ्या वहीत असं दिसतं की एका कानातलं आठ-दहा ग्रॅमच्या वर गेलं की बाई दुपारपर्यंत काढून पर्समध्ये टाकते. आपल्या आज्यांनी यावर उपाय काढला होता, वेल. कानातल्याचं वजन केसांत खोचलेल्या साखळीवर जायचं. मी मोठ्या झुमक्यासोबत मोत्यांचा वेल देते तेव्हा पन्नाशीच्या बाया हमखास थांबतात, कारण त्यांच्या कानाची भोकं ओघळलेली असतात आणि त्यांच्यासाठी कुणी काही करत नाही.

आता सणांचं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते, म्हणजे आपली खानदेशची देवी नारळाच्या रूपात मांडून पुजतात. मुंबई-सुरतेला गेलेली भावकीसुद्धा रोटांच्या प्रसादासाठी गावी येते. माझ्या मावशीकडे नारळाला नथ लावायची तर ती माणसाच्या नाकाची, मेणाने चिकटवायची आणि रात्री गाणी चालू असताना ती घसरायची. दर वर्षी कुणीतरी उठून नीट करायचं. हे मी लहानपणापासून पाहत होते आणि मला सुचलं तीन वर्षांपूर्वी. पाठ सपाट आणि खरखरीत ठेवलेली हलकी नथ, नारळाच्या मापाची पोत, छोटे कानाचे वेल, असा कानबाईचा साज केला. मुंबई-पुण्याच्या दुकानाला हे सुचणं कठीण, कारण कानबाई आपल्या खानदेशची. आषाढ लागला की इसार येऊ लागतात आणि बहुतेक फोन गाव सोडून गेलेल्या घरांतून येतात. तसंच आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या गौराईचं करता येईल, मी अजून केलेलं नाही. तुमच्यातल्या कुणी जरूर करावं.

होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात. तिथे जा, बघा, पण एक विनंती. पावरा आणि भिल बायकांची चांदी आणि मण्यांच्या माळा बघून फोटो काढायचा आणि घरी येऊन नक्कल करायची, हे मला पटत नाही. माळ ज्या बाईने ओवली तिच्याकडूनच विकत घ्या, तिला भाव विचारा, तिच्या नावाने पुढे विका. तिची मजुरीही तुमच्यासारखीच तासांची आहे.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे आपल्या छोट्या धंद्याची सरकारी नोंद. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

वहीचं शेवटचं सांगते. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ लिहा. काय आलं, कुठे तुटलं, कुठून घेतलं होतं, केवढ्याला, किती महिने टिकलं. आणि ती बाई परत दुरुस्त करून का घालतेय, हे जमलं तर विचारा. जी वस्तू बाई २० रुपये देऊन दुरुस्त करते ती तिला खरंच हवी आहे. घरात पडून असलेल्या, कधीच न तुटलेल्या वस्तूंचं कौतुक मी पुष्कळ ऐकलंय.

माझी पेटी इथे टेबलावर उघडते. चहा येईपर्यंत अर्धा तास आहे. पर्समध्ये, पदरात तुटलेलं काही असेल तर घेऊन या, आणि तुमच्यातल्या दोघींनी वही घेऊन माझ्या शेजारी बसा.