खाज किड्याची की आपली?

नमस्कार श्रोतेहो.

"दिवा मालवला की सुरू होतं बघा, डॉक्टर. रात्रभर पोर झोपत नाही." परवा एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मी पोराच्या बोटांच्या बेचकीत टॉर्च तिरका धरला. पेन्सिलीने पुसट ओढावी तशी जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची नागमोडी रेघ. खरूज. ती रेघ म्हणजे किड्याचं बीळ. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. कातडीचा वरचा थर पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते.

आता सांगा, अंगभर खाजवणाऱ्या माणसाच्या अंगावर असे किडे किती असतील? हजारभर? साध्या खरजेत मोठे किडे असतात दहा-पंधरा! मग पोट, काखा, मांड्या का खाजतात? कारण खाज किड्याच्या चालण्याची नसते. त्याची लाळ, विष्ठा, अंडी हे परकं आहे असं शरीर ओळखतं, पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात आणि त्या धावपळीची ही खाज. पुरळ उठतं तेही त्यातूनच, म्हणून जिथे किडा नाही तिथेही उठतं.

ही ओळख पटायला वेळ लागतो. १९४१ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी या कीटकतज्ज्ञांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांना मुद्दाम खरजेची लागण करवली. (आज कुठली नीतिसमिती याला परवानगी देईल, देव जाणे.) पहिल्या वेळी महिनाभर त्यांना फारसं काही जाणवलंच नाही, किडे मात्र निवांत वाढत होते. बरं करून पुन्हा लागण केली, तेव्हा दिवसभरातच खाज सुटली आणि किडेही फार वाढू शकले नाहीत. शरीराने आठवण ठेवली होती. अर्थात पूर्ण संरक्षण नाहीच, खरूज पुन्हा होते. किडाही काही कच्च्या गुरूचा चेला नाही: रक्तातली जी प्रथिनं जंतूंवर तुटून पडतात, त्यांनाच जखडून ठेवणारी प्रथिनं तो सोडतो.

क्वचित हे सगळं गणितच उलटं होतं. १८४८ मध्ये नॉर्वेतल्या कुष्ठरोग्यांमध्ये एक भयंकर खरूज वर्णिली गेली. जाड खपल्या आणि त्यांत हजारो, कधी लाखो किडे. खाज मात्र कधीकधी नावालाच. शरीर लढत नाही असं नाही. ॲलर्जीतली प्रतिपिंडं रक्तात भरमसाट वाढतात, पण किडे काही आवरत नाहीत. प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्यांना हिचा धोका जास्त. मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टिरॉइडची ट्यूब हेच थोड्या प्रमाणात करते: खाज दबते, पुरळ बुजतं, पेशंट खूश आणि किडेही खूश.

पोराला मी पर्मेथ्रिनचं मलम लिहून दिलं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेचकीत आणि नखांखालीसुद्धा लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. शिवाय बजावलं, की किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीतच राहतात, म्हणून दोन ते चार आठवडे खाज येत राहील. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम थापलं, तर कातडी उलट चुरचुरायला लागते. महिन्यानंतरही खाज थांबली नाही किंवा नव्या रेघा दिसल्या, तर परत यायचं.

"आणि आजोबा, हे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं."

"मला कुठं खाजतंय?" आजोबा म्हणाले.

"नातू तुमच्याच कुशीत झोपतो ना?"

त्यांनी मान डोलावली. मी त्यांचा हात ओढून बोटं फाकवली आणि टॉर्च त्यांच्याच हातात दिला. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन ट्यूबा जास्त लिहा."