पाटीवर फक्त नाव

[दृश्य: कळवा. दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर. पांढऱ्या फरशीवर पाणी ओतणारा हात.]

आधी दगड ओला करायचा. ओला झाला की त्याच्या पोटातल्या रेघा वर येतात, कुठे बारीक चीर असेल तर तीही दिसते. चिरेवर अक्षर बसवलं तर टाकीच्या तिसऱ्या घावाला टवका उडतो.

हा मकराण्याचा संगमरवर. दोन फूट बाय दीड. कोरडा पुसून त्यावर कार्बन ठेवायचा, कार्बनवर अक्षरांचा कागद. पेन्सिलीने गिरवलं की दगडावर निळी रेघ उमटते. आता पाट्या बहुतेक मशीनवर होतात, पण एका चर्चच्या पाळकांच्या नावांची ही पाटी हातानेच कोरायची, असं तिथल्या मंडळीने, म्हणजे सभासदांनी, सांगितलं आहे.

[दृश्य: टाकी आणि हातोडी, अगदी जवळून. घावांचा आवाज.]

टाकी तिरपी धरायची. एक घाव या बाजूने, एक त्या बाजूने, मध्ये घळ तयार होते. हे कारागीर शिरोरेघ आधी घेतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. सरळ अक्षरं भराभर होतात, जोडाक्षराला हात सावकाश चालतो. मजुरी अक्षरावर असते.

[दृश्य: अक्षरांचा कागद. सात ओळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला लाल पेन्सिलीची काट.]

ठाणे पूर्वेच्या एका लहान मराठी ख्रिस्ती मंडळीत आजवर सात पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले. जुन्या लाकडी फळ्यावर प्रत्येक नावाआधी ‘रेव्ह.’ होतं. नव्या दगडाचा मजकूर तयार झाला, तेव्हा आताच्या पाळकांनी लाल पेन्सिल घेतली आणि सातही ठिकाणी ते खोडलं. सातवं नाव त्यांचंच आहे.

‘रेव्ह.’ म्हणजे रेव्हरंड. हा शब्द लॅटिनमधून आला. अर्थ साधा: आदर करण्याजोगा. बिशप झाले की त्याचं राइट रेव्हरंड होतं आणि उत्तर भारतीय मंडळीच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, प्रमुखांपुढे (मॉडरेटरांपुढे) मोस्ट रेव्हरंड लागतं. आदराला अशा पायऱ्या पडत जातात. आपल्या बोलण्यात तर त्यावर आणखी एक ‘साहेब’ चढतो. पाळकसाहेब. बिशपसाहेब.

[दृश्य: मत्तयाचा तेविसावा अध्याय उघडलेलं पवित्र शास्त्र. पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या.]

पाळकांनी हे मनाने ठरवलेलं नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शास्त्री-परूश्यांबद्दल, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांबद्दल, बोलतो. त्यांना मेजवानीत मानाची जागा हवी, बाजारात नमस्कार हवेत, लोकांनी रब्बी, म्हणजे गुरुजी, म्हणायला हवं. मग तो शिष्यांकडे वळतो. तुम्ही गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, तुमचा पिता एकच आहे.

[दृश्य: पहाट. मासुंदा तलाव, रिकाम्या होड्या. मग जवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचा दर्शनी भाग.]

पदवी नको म्हणण्याची ही गोष्ट ठाण्याला नवी नाही. १३२१ साली या गावात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस. जॉर्डानस नावाच्या डोमिनिकन साधूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन साधू त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनपर्यंत गेला.

या चौघांना फ्रायर म्हणत. फ्रायर म्हणजे लॅटिनमधला ‘फ्रातेर’. आपल्या ‘भ्राता’चाच सख्खा शब्द. त्यांच्या संघाचं नाव होतं ‘धाकटे भाऊ’. संघाचा संस्थापक, असिसीचा फ्रान्सिस, याने १२२१ च्या नियमात लिहून ठेवलं होतं, की आपल्यात कोणालाही ‘प्रायर’, म्हणजे वरिष्ठ, म्हणायचं नाही. सगळ्यांनी धाकटे भाऊ म्हणवून घ्यायचं आणि एकमेकांचे पाय धुवायचे. तो नियम लिहिला गेल्यावर बरोबर शंभर वर्षांनी हे धाकटे भाऊ ठाण्याच्या मातीत पडले. पदवीचा प्रश्न आम्हाला या तलावाकाठी आणतो, तो यासाठी.

पुढे पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर ‘पाद्रे’ हा शब्द. पाद्रे म्हणजे बाप. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतलं, पोर्तुगीज गेले, पण मराठीत ‘पाद्री’ राहिला. भाऊ म्हणून आलेल्या माणसाचा आपण असा बाप केला.

[दृश्य: रविवार. उपासनेचं सभागृह. मंडळी उभी राहून प्रार्थना म्हणते आहे.]

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’

तुझे. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याला मराठी माणूस ‘तू’ म्हणतो. वारकरी विठ्ठलाला म्हणतो, तसाच ख्रिस्ती माणूस आपल्या पित्याला. आणि त्याच दमात, डोळे उघडल्यावर, समोरच्या पाळकांना ‘आपण’. आम्ही हे सतरा मिनिटांचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं. हा फरक एकदा कानाला लागला की जात नाही.

[दृश्य: जुनं कोरीव चित्र. न्यायालयात डोक्यावर टोपी घेऊन उभे असलेले दोघे.]

सतराव्या शतकात इंग्लंडच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाने हेच पकडलं होतं. तिथे तेव्हा मोठ्यांना अनेकवचनी संबोधन होतं, आपल्या ‘तुम्ही’सारखं. क्वेकर न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणत आणि कोणापुढे टोपी काढत नसत. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकरांना न्यायालयात टोपी डोक्यावर ठेवल्याबद्दल दंड झाला.

[दृश्य: सभागृहाची मागची बाक. नऊवारीतल्या आजी, हातात गायनाचं पुस्तक.]

या आजींना पदवी खोडणं पटत नाही. बापाला कोणी नावाने हाक मारतं का, असं त्या विचारतात. त्यांच्या बाजूलाही शास्त्र आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, की तुम्हाला शिकवणारे पुष्कळ असतील, पण बाप फार नाहीत, आणि सुवार्तेद्वारे मी तुमचा बाप झालो. १९६५ च्या १६ नोव्हेंबरला रोममध्ये दोमितिलाच्या भुयारी दफनभूमीत सुमारे चाळीस कॅथलिक बिशप जमले. मोठेपणा दाखवणाऱ्या पदव्या नकोत अशी त्यांनी शपथ घेतली. आम्हाला ‘फादर’ म्हणा, एवढंच त्यांनी मागितलं. त्यांच्या कानाला तो शब्द अधिकाराचा वाटला नाही, घरातला वाटला.

आणि आपण तर रिक्षावाल्याला काका म्हणतो, भाजीवालीला मावशी. नात्याची हाक मराठीत फुकट मिळते. येशूचं बोट नात्याकडे नव्हतं. मेजवानीतल्या त्या पहिल्या जागेकडे होतं.

[दृश्य: शब्बाथ शाळा. मुलांना गाणं शिकवणाऱ्या बाई.]

या पाळकीणबाई. मंडळी त्यांना याच नावाने ओळखते. नवऱ्याच्या पदवीतून आलेलं हे नाव. मुलांची ही शाळा त्या चालवतात, आजाऱ्यांना भेटायला जातात. दगडावरच्या सात ओळींत एकाही पाळकीणबाईचं नाव नाही. ‘रेव्ह.’ खोडून जी जागा मोकळी झाली, तिथे ते बसलं असतं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: पुन्हा दुकान. कोरलेल्या घळीत काळा रंग. फडक्याने वरचा रंग पुसला जातो, अक्षरं उरतात.]

मजकुरावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची बैठक झाली, मतदान झालं, दगड असाच राहिला. दोन घरं त्यानंतर तीन रविवार आली नाहीत.

रंग आधी सगळीकडे फासायचा. तो घळीत शिरतो, वरही पसरतो. थोडा ओढला की ओल्या फडक्याने आडवा पुसायचा. उभा पुसला तर घळीतला रंग बाहेर येतो. शेवटी मेणाचा हात.

[दृश्य: सभागृहाचा दरवाजा. भिंतीत चार स्क्रू. दगड चढवला जातो. सात नावं, सात कालखंड.]

उपासना सुटते. लोक एकेक करून दगडापाशी थांबतात. कोणी वाचतं, कोणी बोट फिरवतं. मागच्या बाकावरच्या आजी सगळ्यांत शेवटी येतात. सातही नावं वाचून होईपर्यंत त्या हलत नाहीत. मग दारात उभ्या असलेल्या पाळकांकडे वळून हात जोडतात.

“सलाम, पाळकसाहेब.”

“सलाम, आई.”

[दृश्य: आजी पायऱ्या उतरतात. पाळक आत जातात, खुर्च्या एकावर एक रचू लागतात. आवाज तसाच राहू द्यावा.]