दहा निगेटिव्हची एक ओवरी

श्रोतेहो, नमस्कार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील अनेक मध्ययुगीन चर्चवास्तू मोडकळीस आल्या होत्या. त्यांच्या डागडुजीच्या कामासाठी खात्रीची चित्रे हाताशी असावीत, म्हणून ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी आयोगाने १८५१ मध्ये पाच छायाचित्रकारांना देशाच्या निरनिराळ्या भागांत धाडले. त्यांपैकी चौघांची निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून छायाचित्र छापतात ती उलट्या छायाप्रकाशाची प्रतिमा, कागदाची होती. काचेची नव्हे, कागदाची, एवढे ध्यानात असू द्यावे.

या पाचांतील एदुआर बाल्दूस मूळचे प्रशियाचे आणि पेशाने चित्रकार. दक्षिणेकडे जाता जाता ते आर्ल गावी सां त्रोफीम चर्चच्या ओवरीत पोहोचले. आपल्याकडे देवळाभोवती ओवऱ्या असतात, तशीच ही चौकाभोवतीची कमानदार वाट. खांबांवर संतांच्या मूर्ती, वर दगडी छत, आत गर्द सावली आणि कमानींपलीकडे दक्षिणेचे रणरणते ऊन. उन्हाचा बेत धरावा तर सावलीतले कोरीवकाम काळेठिक्कर पडते आणि सावलीचा धरावा तर चौक पांढराफटक होतो. शिवाय जवळचा खांब व दूरचे टोक एकाच वेळी रेखीव येत नाहीत. बाल्दूस यांनी मग ओवरीचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्रपणे नेम धरून त्यांनी सुमारे दहा निगेटिव्ह घेतल्या, त्या कापून कडेला कड जुळवली आणि छताचा जो भाग कॅमेऱ्याला साधला नाही, तो चक्क कुंचल्याने रंगवून काढला. दहा निगेटिव्ह आणि चित्र एकच!

याला कोणी लबाडी म्हणेल, मी म्हणणार नाही. ओवरीत उभा राहिलेला माणूसही आधी खांब पाहतो, मग छत, मग चौक. सारे एकदम त्याला कुठे दिसते? बोट लावताच सगळे स्वच्छ टिपणाऱ्या आजच्या फोनमुळे आपली ही सावकाश पाहण्याची सवय मात्र सुटत चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयोगाने या निगेटिव्ह घेतल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. त्यांचा संग्रह काही छापला नाही. इपोलित बायार यांनी मात्र कागदाऐवजी काच वापरली होती, आणि पाचांपैकी नेमक्या त्यांच्याच निगेटिव्ह आजवर सापडलेल्या नाहीत.