बाग गप्प होते तेव्हा

(दृश्य: सोसायटीची मागची बाग. निवेदन सुरू होण्याआधी थोडा वेळ फक्त पक्ष्यांचे आवाज.)

पुण्यातल्या एका सोसायटीची ही मागची बाग. एप्रिल महिना, सकाळचे सव्वासात. जास्वंदीच्या कुंपणात शिंपी पक्षी ओरडतोय. जीव अंगठ्याएवढा, पण आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचतो. लालबुड्या बुलबुलांची जोडी पाण्यावर आली आहे. चिमण्या दाण्यांत गढल्या आहेत.

आता नुसतं ऐका.

(शांतता.)

कुठून तरी एक बारीक, ताणलेली 'सीऽऽ' आली आणि सगळी बाग गप्प झाली. हा इशारा देणारा नेमका कुठे बसलाय, ते शिकाऱ्याला सहजी कळत नाही. आवाजच तसा असतो. आणि एकाने दिलेला इशारा दुसऱ्या जातीचे पक्षीही ओळखतात. चिमण्या कुंपणात शिरल्या, बुलबुल पानाआड थिजले. खार खोडाला उलटी चिकटून राहिली.

आंब्याच्या आतल्या फांदीवर शिक्रा येऊन बसलाय.

पारव्याहून थोडा लहानच. पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा. डोळे लाल, म्हणजे हा नर. मादीचे डोळे पिवळे असतात आणि अंगानं ती याच्यापेक्षा मोठी असते.

घार आपण रोज आभाळात बघतो, त्यामुळे शिकारी पक्षी म्हटला की तो उंचावरून झेप घेणार असं आपण धरून चालतो. शिक्रा दबा धरतो. त्याचे पंख आखूड, गोलसर आणि शेपूट लांब. झाडांच्या दाटीत, दोन इमारतींमधल्या बोळात, कपड्यांच्या दोरीखालूनसुद्धा तो वेग न मोडता वळू शकतो. वळताना शेपूट सुकाणूचं काम करते. आपल्या बागा त्याला मानवतात त्या यामुळेच.

(दृश्य: झेप, संथ गतीत.)

बुलबुल पळाला, पण उघड्यावर पळाला. कुंपण चार हात लांब राहिलं.

ससाण्याच्या चोचीला दातासारखा कंगोरा असतो, त्यानं तो मान तोडतो. शिक्र्याला तो नाही. तो भक्ष्य नखांत आवळून धरतो, आणि त्याला वेळ लागतो. हे बघवत नाही, खरंच बघवत नाही. दुसरा बुलबुल तारेवर बसून किती तरी वेळ ओरडत होता. मग शिक्र्यानं फांदीवर नेऊन पिसं उपटायला घेतली. खाली फरशीवर पडलेल्या त्या पिसांत शेपटीखालचं एक लाल पीसही होतं.

अशा वेळी लोक शिक्र्याला हुसकायला टाळ्या वाजवतात, काही जण दगड उचलतात. कृपा करून दगड उचलू नका. शिक्र्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच्या बहुतेक झेपा वायाच जातात. एरवी तो सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे यांवर भागवतो. उंदरांना घातलेलं विष उंदरांमधून त्याच्याही पोटात जातं, हेही लक्षात असू द्या.

काही करायचंच असेल तर दाणापाण्याचं भांडं दुसरीकडे हलवा. आपण दाणापाणी मोकळ्या फरशीच्या मधोमध ठेवतो, आपल्याला दिसावं म्हणून. ते कुंपणापासून दोन-तीन मीटरवर ठेवा. अगदी झुडपाला खेटून नको, तिथे मांजर दबा धरतं. अडुळसा, जास्वंद, मेंदी यांची छाटणी करताना आतली दाटी राहू द्या. चिमणीला लपायला तेवढी जागा पुरते.

याच बागेत अजून एक गंमत बघायला मिळते. 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा दिसायला जवळजवळ शिक्र्यासारखा. तसेच पट्टे, तशीच उडण्याची ढब. तो आला की छोटे पक्षी दचकतात. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, तिथे हे सोंग कामी येतं. कोतवाल पक्षी मात्र खऱ्या शिक्र्यालाही भीत नाही. आपल्या घरट्याच्या आसपास दिसला, तर पाठीवर चोच मारत त्याला हद्दीबाहेर काढतो.

(दृश्य: उंच झाडावर काटक्यांचं घरटं.)

सोसायटीच्या कडेला, उंच शिरीषावर, कावळ्याच्या घरट्यासारखा काटक्यांचा हा ढीग. नरानं शिकार आणून दिली. मादी तिचे बारीक तुकडे करते आहे. तिच्या पोटाखाली पांढऱ्या लवेची तीन डोकी हलताहेत. ती एकेकाच्या चोचीत घास ठेवते, आणि तिसऱ्याला मिळाल्याशिवाय स्वतः खात नाही.

खाली बागेत शिंपी पुन्हा ओरडायला लागलाय. तारेवरचा बुलबुल अजून तिथेच आहे.