शितावर राग कशाला?

(फोंड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय आहे ‘जटिल कर्बोदके आणि आरोग्य’. त्याकडे येतेच. आधी सांगा, ‘भात बंद करा’ हा सल्ला कोणाकोणाला मिळालाय? हात वर करा. बघा, अर्धे सभागृह! आणि खरोखर बंद केला कोणी? दोघांनी. त्या दोघांच्या घरी आज हुमण, म्हणजे माशांची आमटी, कशाशी खातात, ते मला नंतर सांगा.

माझे म्हणणे एवढेच, की भात सोडू नका, तांदूळ बदला.

मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नाचा बेत ठरवायला बसले होते. केटररला म्हटले, सुरय, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या भाताबरोबर एका भांड्यात उकडे शीत, म्हणजे उकड्या तांदळाचा भातही ठेवा. तो बघतच राहिला. “बाय, लग्नांत उकडें शीत? सोयरे कितें म्हणटले?” यजमानांनीही त्याचीच री ओढली. फ्राईड राईस आला, नूडल्स आल्या, मैद्याच्या नानचा काउंटर लागला, वर तीन गोड पदार्थ. उकड्याला मात्र जागा नाही, कारण तांबडा दाणा म्हणजे गड्यांचे खाणे! ही समजूत मला फार लागते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा कोरगुट हा भात पिकावा म्हणून पिढ्यांनी बांध घातले, मानशी म्हणजे पाण्याची दारे राखली. त्या तांदळाला आम्ही पंगतीतून उठवले.

उकडा तांदूळ तयार होताना किती जणांनी पाहिलाय? साळ टरफलासकट भिजवायची, भाणात, म्हणजे मोठ्या हंड्यात, उकडायची, टरफल उलू लागले की उपसून अंगणात वाळवायची, मग कांडायची. या उकडण्यात कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते. जावा बेटावर १८९० च्या दशकात आयकमन या डच डॉक्टरांनी पाहिले, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा मिळाला की त्या पुन्हा चालू लागतात. पुढे १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आमच्या बायका भाणाखाली जाळ घालत होत्या, त्यामागे एवढे होते.

पोई या आपल्या कोंड्याच्या पावाचीही तीच गत. उद्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलीत की फोडून बघा. बाहेर कोंडा भुरभुरलेला आणि आत पांढरीशुभ्र असेल, तर तो मैदाच. कणकेत १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास तंतू, म्हणजे न पचणारा चोथा (फायबर) असतो, मैद्यात ३ सुद्धा नाहीत. भुरभुरलेल्या कोंड्याने ही तूट भरत नाही.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटे उरलीत. तर मूळ विषय.

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. साखरेत दोनच मणी. म्हणून पिष्ट जटिल आणि साखर साधी. पण या व्याख्येने मैदाही जटिलच ठरतो! माळ किती लवकर तुटते, ते महत्त्वाचे. पिष्टाच्या माळा दोन प्रकारच्या: फाटे फुटलेले अमायलोपेक्टिन झटकन पचते, सरळ अमायलोज सावकाश. दाणा अख्खा असेल आणि सोबत तंतू असतील, तर साखर रक्तात हळूहळू उतरते. याच वेगाच्या मोजमापाला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. टोरांटोच्या जेनकिन्स यांनी ते १९८१ मध्ये मांडले.

आपल्याला हे का हवे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. दोष एकट्या भाताचा नाही. हालचाल घटली, वजने वाढली. पण ताट तरी आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. नाचणीत १०० ग्रॅमला ११ ग्रॅम आहेत, शिवाय भरपूर कॅल्शियम. मात्र सत्त्व फडक्यातून गाळलेत की तंतू फडक्यात राहिले. भाकरी करा. आळसांदे (चवळीसारखे कडधान्य), कुळीथ आठवड्यातून चार वेळा तरी होऊ द्या. पेज उकड्याचीच, दाणा अख्खा दिसेल अशी, मिक्सरमधून काढलेली नको, आणि सोबत भाजी हवीच. उकडे झाले म्हणून दोन वाट्यांच्या चार करू नका. तंतू हळूहळू वाढवा, पाणी प्या, नाहीतर पोट फुगेल. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर बदल डॉक्टरांना सांगून करा, कारण डोस बदलावा लागू शकतो.

बोला, पहिला प्रश्न कोणाचा?