शेवटचे सहा इंच

(नागपुरात सुतारकाम शिकणाऱ्या मुलांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

बसा. मागच्या पोरांनो, पुढे या. कूलरच्या आवाजात तिथवर माझं बोलणं पोचायचं नाही.

आधी हा हात नीट बघून घ्या, म्हणजे नंतर चोरून बघायला नको. डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका. वरचं पेर नाही. लग्नसराई होती, पलंगाचं काम होतं, आणि मी सागवानाच्या दीड इंची पट्ट्या काढत होतो. मशीन म्हणजे टेबल सॉ, टेबलातून गोल पातं वर आलेली करवत. तिच्यावर उभं राहून १९ वर्षं झाली होती. १२ पट्ट्या काढायच्या होत्या, ११ निघाल्या. बाराव्या पट्टीचे शेवटचे सहा इंच उरले, तेव्हा मनात आलं, आता लाकूड ढकलायची काठी कुठं शोधत बसू? काठी होती, बरं का. खिडकीत होती, चार पावलांवर. मला आज जे सांगायचं आहे ते त्या चार पावलांबद्दलच आहे.

नव्या पोराला मशीनवर उभं केलं की आपण म्हणतो, "जरा जपून रे बापू." जपून म्हणजे काय? हिशोब करू. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेतं. ४० दातांचं पातं असेल तर सेकंदाला अडीच हजारांवर दात एका जागेवरून जातात. माणसाला काही चुकतंय हे कळून हात मागं घ्यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात साडेसहाशे दात येऊन गेलेले असतात. त्या शर्यतीत तुमचं जपणं कुठं पुरणार? मी काही बेसावध नव्हतो. उलट रोजची सवय झाली की हात हळूहळू पात्याकडे सरकतो, आणि एक दिवस तो तिथं पोचतो.

आणि हात जातो कसा तेही समजून घ्या. तुमच्या बाजूचे दात लाकडाला खाली, टेबलावर दाबतात. मागच्या बाजूचे दात मात्र वर येत असतात. लाकूड जरा वाकडं झालं किंवा पात्यानं पाडलेल्या चिरेचं तोंड मिटलं, की ते मागच्या दातांना टेकतं, उचललं जातं आणि गोफणीतल्या दगडासारखं तुमच्या अंगावर येतं. यालाच किकबॅक म्हणतात. सागवान त्या मानानं गुणी लाकूड आहे. बाभळीचं, आंब्याचं लाकूड चिरताना आतला ताण सुटतो आणि फट आपोआप मिटते. लाकूड उडालं की त्यावर दाबून धरलेला हात त्याच्याबरोबर पात्यावर ओढला जातो. माझं तेच झालं. मी हात पात्यात घातला नाही, लाकडानं नेला.

म्हणून पात्याच्या मागं रिव्हिंग नाइफ असते, म्हणजे चिरेत उभी राहणारी पातळ पट्टी. ती फट मिटू देत नाही. तुमच्यापैकी कितींच्या दुकानात ती जागेवर आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. गार्डसारखी, म्हणजे पात्यावरच्या झाकणासारखी, तीही भिंतीच्या खिळ्याला टांगलेली असते. खंडेनवमीला मशीनवर झेंडूची माळ चढते, गार्ड मात्र चढत नाही.

आता काठीकडे येतो. इंग्रजीत पुश स्टिक. लांब दांडी आणि टोकाला खाच, अशी काठी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचा एक दोष कोणी सांगत नाही. ती फळीला मागून रेटते, पण वरून दाबत नाही. फळीचं पुढचं टोक उचललं गेलं तर ती काहीच करू शकत नाही. म्हणून मी ही वापरतो, बघा. जुन्या हातकरवतीच्या मुठीसारखी मूठ, खाली १० ते १२ इंच लांब सपाट तळ आणि तळाच्या मागच्या टोकाला छोटी टाच. तळ फळीला टेबलावर दाबून ठेवतो, टाच मागून ढकलते. टाच फळीच्या जाडीपेक्षा कमीच हवी. पाऊण इंची फळीला पाच-सहा मिलीमीटर पुरे.

बनवायची १२ मिलीमीटर प्लायची. सरळ तंतूंची लाकडी काठी पात्याला लागली तर तंतूंच्या रेषेवर फाटते, प्लाय फाटत नाही. लोखंडाची चुकूनही नको. या काठीचा जन्मच कापलं जाण्यासाठी आहे. पात्यानं खाल्ली की फेका, दुसरी करा. प्लायचा तुकडा गेला म्हणून कोणी रडत नाही.

पट्टी अगदी बारीक असेल तर काठीही पुरत नाही. तिथं ठोकळा घ्या, पात्याच्या वरून जाणारा, खालून पातं त्यात खुशाल चिरत जावो. आणि ढकलायचा तो फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची आडवी पट्टी, आणि पातं यांच्या मधला तुकडा, तो पात्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत. डावीकडचा सुटा तुकडा पातं थांबेपर्यंत आहे तिथंच राहू द्या. लाकूड दाबून धरणारी दातेरी फणी, म्हणजे फेदरबोर्ड, लावणार असाल तर पात्याच्या अलीकडे लावा. पात्याच्या बाजूला लावली तर तीच फट मिटवते.

हात पात्यापासून सहा इंचांच्या आत जाणार असेल तर काठी. फळी अर्धी गेल्यावर शोधायची नाही. मशीन सुरू करण्याआधी ती फेन्सवर, उजव्या हाताशी हवी. माझी चार पावलं दूर होती.

आपल्याकडचा एक जुगाड सांगतो, जो मला सगळ्यात जास्त छळतो. चार इंची हातकटर उलटा करायचा, प्लायच्या टेबलाखाली बसवायचा, बटण दोरीनं बांधून टाकायचं. हातकटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे फिरतो. गार्ड नाही, रिव्हिंग नाइफ नाही, आणि लाइट गेली तर बटण चालूच. तुम्ही पात्याजवळचा भुसा झाडत असताना लाइट परत येते. खऱ्या मोटरच्या स्टार्टरला नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. पैसे घालायचेच असतील तर आधी तिथं घाला.

आणि राजेहो, आपला दुपट्टा! मे महिन्यात डोक्यावर ओला दुपट्टा हवाच, मीही बांधतो. पण मशीनवर त्याची टोकं आत खोचा. हातमोजे नकोत. दात मोज्याचा धागा पकडतो आणि अख्खा हात ओढतो.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २१ होतं, फिरत्या यंत्राला आडोसा हवा असं सांगणारं. ते कलम लकडगंजाच्या गल्लीतल्या तीन माणसांच्या दुकानात कधी पोचलं? अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या पेटंट वकिलानं बोट लागताच पाच मिलीसेकंदांत थांबणारं मशीन काढलं. तेवढ्यात १३-१४ दातच जातात, म्हणजे बोटाला नुसता ओरखडा. पण त्याची किंमत आपल्याला झेपणारी नाही, आणि ओल्या लाकडावर ते उगाच थांबूही शकतं. प्लायची काठी फुकट आहे.

तरीही काही झालंच, तर तुटलेलं बोट थेट बर्फात टाकायचं नाही. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा. जखम दाबून धरा, हात उंच ठेवा आणि १०८ ला फोन करा. माझं पेर कोणीतरी पाण्याच्या ग्लासात टाकून आणलं होतं.

चला, उठा. अंगणात प्लायचे तुकडे आणि नमुन्याचे कागद ठेवलेत. ज्यानं त्यानं आपली काठी आपणच करायची, हातकरवतीनं. मशीनची चावी माझ्या खिशात आहे. काठी दाखवाल त्याला देईन.